मंगूज म्हणजे आपलं मुंगूसच

मे महिन्यात भाची राहायला आली होती, इंग्लिश मीडियमची, सहावीतली. सुट्टीतला होमवर्क घेऊन ओट्यावर बसलेली आणि मी शेंगा निवडत होते. मधेच म्हणाली, मावशी, गूजचं गीज होतं ना, म्हणजे एक बदक आणि अनेक बदकं, मग मंगूजचं मंगीज होणार का? मी म्हटलं नाही, मंगूजेस. का? तर म्हटलं कारण त्या शब्दात गूज नाहीच आहे, तो शब्द इंग्लिशचाच नाही, तो आपला मुंगूस आहे. तिला वाटलं मी चेष्टा करतेय. म्हणाली आपला शब्द कसा असेल, पुस्तकात तर स्पेलिंग आहे. मग शेंगा राहिल्या बाजूला आणि आम्ही दोघी त्या एका शब्दाच्या मागे लागलो, आणि तिला जे सांगितलं ते जरा नीट मांडून इथे लिहितेय, कारण नंतर चार मोठ्या माणसांना विचारलं तर त्यांनाही हे माहीत नव्हतं.

आधी गूजचा विषय संपवते. माणसाच्या कानाला अनोळखी शब्द आवडत नाही, त्यात ओळखीचं काहीतरी शोधायची सवय असते आणि सापडलं नाही तर कान स्वतःच ते घालतो. याला लोकव्युत्पत्ती म्हणतात, म्हणजे लोकांनी आपापल्या समजुतीनं लावलेला अर्थ, आणि त्या समजुतीनं शब्दाचं रूपसुद्धा बदलतं. इंग्रजांनी आपल्याकडे मुंगूस ऐकलं, शेवटचा ‘गूस’ त्यांच्या ‘गूज’च्या जवळचा वाटला, आणि लिहिताना तेच स्पेलिंग बसलं. बदकाचा आणि मुंगसाचा संबंध एवढाच की मुंगसाला सापडली तर ते बदकाची अंडी खातं. क्रेफिश नावाचा प्राणी आहे बघा, तो मासा नाही, फ्रेंच शब्दाचा शेवट इंग्लिश कानाला ‘फिश’ सारखा लागला म्हणून तो मासा झाला. आणि आपल्याकडच्या मांजरपाट कापडात तरी मांजर कुठे असतं.

आता हा शब्द इंग्रजीत केव्हा गेला ते बऱ्यापैकी माहीत आहे. जॉन फ्रायर नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर होता, १६७२ साली इंग्लंडहून निघाला आणि मुंबई, सुरत, कारवार, गोवा असा फिरला, १६७५ मध्ये तर घाट चढून जुन्नरला सुद्धा जाऊन आला. म्हणजे शिवाजी महाराजांच्या काळात मराठी मुलखात प्रत्यक्ष वावरलेला माणूस. त्याचं प्रवासाचं पुस्तक १६९८ मध्ये छापलं गेलं आणि इंग्लिश कोशात मंगूज या शब्दाची पहिली नोंद म्हणून तेच पुस्तक दाखवतात. त्यानं लिहिलं की हा प्राणी फेरेटच्या जवळचा, फेरेट म्हणजे तिकडे ससे आणि उंदीर पकडायला पाळतात तो लांबट अंगाचा प्राणी. स्वतःच्या देशातलं काहीतरी उदाहरण दिल्याशिवाय वाचणाऱ्याला कळणार कसं, म्हणून.

पण फ्रायरच्या आधी दीडशेहून जास्त वर्षं पोर्तुगीज इकडे होतेच, आणि इथे मला सगळ्यात मजा येते. सोळाव्या शतकातल्या पोर्तुगीज लिखाणात नागाचा वैरी असलेला हा प्राणी येतो, पण मुंगूस या नावानं नाही, तर ‘क्विल’ आणि ‘किरपेले’ अशा नावांनी. हे काय? तर मल्याळम आणि तमिळमध्ये मुंगसाला कीरी म्हणतात आणि तमिळमध्ये लाडानं कीरिप्पिळ्ळै. पिळ्ळै म्हणजे लेकरू, तमिळ लोक खारीला, पोपटाला, मुंगसाला असं लेकरू जोडून बोलतात, आपण ‘खारूताई’ म्हणतो तसंच काहीसं. तर पोर्तुगीज कोचीला उतरले तेव्हा त्यांनी कीरी ऐकलं. पुढे वर सरकत गोव्यापर्यंत आले, १५१० मध्ये गोवा घेतलं, आणि कोकणी-मराठी मुलखात आल्यावर कानावर मुंगूस पडायला लागलं. कोकणीतही मुंगूसच म्हणतात. म्हणजे एकच प्राणी, एकच किनारा, पण बंदर बदललं की शब्द बदलला, आणि युरोपात शेवटी कुठला शब्द टिकला यावरून कुठल्या बंदरात माणसं जास्त राहिली याचा अंदाज येतो. क्विल विसरला गेला. मुंगूस टिकला.

टिकला म्हणजे चांगलाच टिकला. फ्रेंचमध्ये मांगूस्त, इटालियनमध्ये मांगुस्ता, पोर्तुगीजमध्ये मांगुस्तो, रशियनमध्ये मांगूस्त, जर्मनमध्ये मुंगो. शेवटचा ‘त’ कुठून आला असं भाचीनं विचारलं, तर तो तिकडच्या भाषांचा आपापला संस्कार, आपण नाही का स्टेशनचं ठेसन केलं.

आणि लक्षात घ्या की युरोपला मुंगूस अगदीच माहीत नव्हतं असं नाही. इजिप्तमध्ये मुंगूस आहे आणि ग्रीक लोक त्याला फार जुन्या काळापासून इक्न्यूमॉन म्हणत, म्हणजे माग काढणारा, पावलांचे ठसे हुंगत जाणारा. नंतरच्या काळात त्याला फारोचा उंदीरही म्हणायचे, तुर्कीत आजसुद्धा त्याच अर्थाचं नाव आहे. म्हणजे त्यांच्याकडे शब्द होता, चांगल्या अर्थाचा होता, ग्रीकमधला होता, तरीपण रोजच्या वापरात दख्खनमधून आलेला मुंगूस पुढे गेला आणि इक्न्यूमॉन शास्त्राच्या पुस्तकात राहिला. मला याचं कारण असं वाटतं की इजिप्तचं मुंगूस त्यांनी पुस्तकात वाचलं होतं आणि आपलं मुंगूस त्यांच्या कोठीत, वखारीत, व्हरांड्यात येऊन बसत होतं. जो प्राणी रोज दिसतो त्याला नोकरचाकर जे म्हणतात तेच नाव मालकाच्या तोंडी बसतं.

आता खरा अवघड प्रश्न. इंग्रजांनी आपल्याकडून घेतला, ठीक, पण आपण कुठून घेतला?

आपल्याकडे पटकन उत्तर येतं, संस्कृतमधून. सगळंच संस्कृतमधून आलं असं आपल्याला शाळेपासून वाटत असतं. पण मुंगसाला संस्कृत शब्द आहे नकुल, आणि नकुल आणि मुंगूस यांचा आवाजाचा काहीही मेळ नाही. नकुलचं काय झालं ते आपल्याला दिसतं. प्राकृतात, म्हणजे त्या जुन्या काळच्या लोकांच्या बोलीभाषांत, मधला ‘क’ गळला, ‘णउल’ झालं, आणि त्यातून पुढे हिंदीत नेवला, गुजरातीत नोळियो, ओडियात नेउळ असे शब्द तयार झाले. एका आईची ही लेकरं, तोंडावळा जुळतो. मराठी ही त्याच घरातली भाषा, तिच्यात हजारो शब्द असेच झिजून आलेत, हस्त वरून हात, कर्ण वरून कान. मग मुंगसाच्या बाबतीत मराठीनं नेवला नको म्हटलं आणि वेगळाच शब्द घेतला, तो का आणि कुणाचा?

शाळेत तत्सम, तद्भव, देशी असे प्रकार पाठ केलेले आठवत असतील. जो संस्कृतमधून जसाच्या तसा आला तो तत्सम, झिजून आला तो तद्भव, आणि ज्याचं संस्कृत मूळ दाखवताच येत नाही, जो इथल्या मातीत होताच, तो देशी. हे प्रकार आजचे नाहीत, प्राकृतच्या जुन्या व्याकरणकारांचे आहेत, हेमचंद्रानं बाराव्या शतकात गुजरातेत बसून देशी शब्दांचा आख्खा कोश केला होता. मुंगूस हा त्या देशी गटातला शब्द. प्राकृतात मंगुस, मुग्गस अशी रूपं मिळतात, म्हणजे हा शब्द आजच्या मराठीपेक्षा जुना, निदान हजारेक वर्षांचा तरी आहेच.

आणि देशी म्हणजे मूळ नाही असं नाही हो, देशी म्हणजे संस्कृत मूळ नाही एवढंच. मूळ शोधायला शेजारी विचारायचं असतं. आम्ही सांगलीकडचे, आमच्या भिंतीपलीकडे एक काकू राहतात, माहेर जमखंडीकडचं, घरात कन्नड बोलतात. भाचीला म्हटलं जा काकूंना विचार मुंगसाला कन्नडमध्ये काय म्हणतात. ती भिंतीवरून ओरडली आणि काकूंनी तिकडून सांगितलं, मुंगुसी. तेलुगूत मुंगिस. बघा म्हणजे पुण्यापासून हैदराबादपर्यंत आणि इकडे धारवाडपर्यंत एकच शब्द थोडा थोडा वाकून चाललाय, आणि वर गुजरातेत गेलात की नोळियो, हिंदी मुलखात गेलात की नेवला, खाली तमिळनाडूत गेलात की कीरी. नकाशावर रंग भरले तर मुंगूस हा शब्द बरोबर दख्खनचा तुकडा रंगवतो.

भाषेचे अभ्यासक हा शब्द मुळात द्राविडी घराण्यातला असावा असं मानतात, म्हणजे कन्नड-तेलुगूच्या बाजूनं प्राकृत-मराठीत आलेला. त्यांची पद्धत सोप्या शब्दात अशी की एखादा शब्द एका घराण्याच्या बऱ्याच भाषांत पसरलेला आहे आणि दुसऱ्या घराण्यात फक्त हद्दीला लागून असलेल्या एकदोन भाषांतच आहे, तर तो बहुधा पहिल्या घराण्याचा. नेवल्याच्या घराण्यात मुंगूस हद्दीवरच्या मराठी-कोकणीतच मुख्यतः दिसतो, म्हणून बोट तिकडे जातं. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी भारतातल्या उसन्या शब्दांचा मोठा कोश केला, हॉब्सन-जॉब्सन, १८८६ चा, त्यातही मुंगूसला तेलुगू म्हटलंय आणि लगेच पुढे असंही नोंदवलंय की जर्डन नावाचा प्राणिशास्त्रज्ञ मात्र हा शब्द दख्खनी आणि मराठी सांगतो. आजचे इंग्लिश कोश मराठीचं नाव देतात आणि मागे द्राविडी मूळ जोडतात. दोन्ही बरोबरच आहे, इंग्रजाच्या कानात कुणाच्या तोंडून गेला हा एक प्रश्न आणि मूळ झरा कुठला हा वेगळा प्रश्न, लोक हे दोन एकत्र करतात आणि मग मराठी की तेलुगू असं भांडत बसतात.

मला वैयक्तिक यात कमीपणा काही वाटत नाही, उलट आनंद वाटतो. तूप हा शब्द कन्नड तुप्प आहे, अडकित्ता तिकडचा, अक्का, अण्णा तिकडचे, आणि हे शब्द काढले तर आमच्या घरात जेवायला, पान खायला आणि मोठ्या बहिणीला हाक मारायला शब्दच राहणार नाहीत. शेजाऱ्याकडून विरजण आणतो तसे शब्द आणलेत. आणि मुंगूससारखा प्राण्याचा शब्द घेतला जातो म्हणजे बांधाला बांध लागून शेती करणारी माणसं एकमेकांशी बोलत होती, हे त्यात आपोआप येतं, कारण राजदरबारातून मुंगूस हा शब्द कोण कशाला देईल.

जुन्या स्पेलिंगांत एक गोष्ट दिसते तीपण सांगते. कुणी मुंगूस लिहिलंय, कुणी मंगूस, कुणी मुंगस, कुणी मुंगोस. युरोपियन माणसांनी ऐकण्यात गडबड केली असं आपण म्हणतो पण थोडी गडबड आपल्या बोलण्यातच आहे. मराठीत मुंगूस म्हणतो पण प्रत्यय लागला की मुंगसाला, मुंगसाचं, मुंगसानं, मधला दीर्घ ऊ पार निघून जातो. लाकूडचं लाकडाला, बेडूकचं बेडकाला होतं तसंच. काही लोक मुंगुसाला असंही म्हणतात. आता एखाद्या परक्या माणसानं एका वाक्यात मुंगूस ऐकलं आणि पुढच्याच वाक्यात मुंगसाला ऐकलं तर तो कुठलं लिहील? ते नपुंसकलिंगी आहे हेही बघा, ते मुंगूस, मांजर, माकड, वासरू यांच्या रांगेतलं. हिंदीत नेवला पुल्लिंगी आहे त्यामुळे हिंदीत शिकलेली मुलं ‘तो मुंगूस’ म्हणतात, कानाला खटकतं.

नकुल मात्र मराठीतून गेला नाही, तो पोथीत राहिला. पांडवातला नकुल सगळ्यांना माहीत. पाणिनीच्या व्याकरणात एक सूत्र आहे, ‘येषां च विरोधः शाश्वतिकः’, म्हणजे ज्यांचं वैर कायमचं आहे अशा दोघांचा समास केला की तो एकवचनी होतो, आणि त्याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण अहिनकुलम्, साप आणि मुंगूस. म्हणजे आपण दोन जावांबद्दल बोलताना ‘त्यांचं साप-मुंगसाचं आहे’ म्हणतो तेच फार जुन्या काळी व्याकरणाचा नियम होण्याइतकं पक्कं झालं होतं. पाणिनीच्याच दुसऱ्या एका सूत्रात नकुल हा शब्द न आणि कुल असा फोडलेला आहे, ज्याला कुळ नाही तो. बिचाऱ्या मुंगसाचा कुळाशी काय संबंध, पण शब्दाला आतून अर्थ द्यायची ती सवय, जी गूजमध्ये दिसली, तीच इथेही दिसते. महाभारताच्या शेवटाकडे, अश्वमेध पर्वात, ते अर्ध्या अंगानं सोन्याचं मुंगूस येतं, गरीब ब्राह्मणाच्या घरी सांडलेल्या सातूच्या पिठात लोळून अर्धं अंग सोन्याचं झालेलं, आणि ते युधिष्ठिराच्या यज्ञात लोळून बघतं तर उरलेलं अंग सोन्याचं होतच नाही. ती गोष्ट मराठीत सांगताना आजी नेहमी मुंगूसच म्हणायची, नकुल म्हटलं असतं तर आम्हाला पांडव वाटला असता.

आणि आजीचं दुसरं म्हणजे मुंगूस दिसलं की आम्हा पोरांना उभं करून म्हणायला लावायची, मुंगसा मुंगसा तोंड दाखव, रामाची शपथ. मुंगसाचं तोंड दिसणं शुभ. महाराष्ट्रात खूप घरांत हे म्हणत असत, तुमच्याकडेही म्हणत असतील. आणि गंमत म्हणजे मुंगूस खरंच थांबतं आणि वळून बघतं. शपथेमुळे नाही, त्याची पद्धतच ती, पळता पळता आडोशाजवळ पोचलं की थांबून मागे कोण आहे ते बघून घेतं. पण लहानपणी आम्हाला ते रामाला घाबरलं असंच वाटायचं.

शास्त्रज्ञांनी या शब्दाचं काय केलं ते ऐका. प्राण्यांना लॅटिन धाटणीची दोन शब्दांची नावं देतात ना, त्यात मुंगोस मुंगो असं एक नाव आहे. वाचलं की वाटतं हे आपलंच मुंगूस, दोनदा नाव घेतलंय म्हणजे अगदी अस्सल. पण नाही. मुंगोस मुंगो हा अंगावर आडवे पट्टे असलेला आफ्रिकेतला प्राणी आहे, कळपानं राहतो, भारतात तो नाहीच. १७८८ मध्ये ग्मेलिन नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं ते नाव दिलं तेव्हा तो आशियातला समजला गेला होता, आणि या नावांचा नियम असा कडक आहे की एकदा लागलं की चूक कळली तरी काढत नाहीत. म्हणजे आपला शब्द आफ्रिकेच्या मुंगसाला चिकटला आणि आपल्या बांधावर फिरणाऱ्या करड्या मुंगसाचं नाव झालं हर्पेस्टिस एडवर्डसाय, त्यातलं हर्पेस्टिस ग्रीक, म्हणजे सरपटणारा, आणि आता हल्ली तेही बदलून उर्वा एडवर्डसाय केलंय. पूर्ण नावात मुंगूस कुठेच नाही. आणखी पुढे, मादागास्करमध्ये झाडावर राहणारा एक लेमूर, म्हणजे माकडाच्या लांबच्या नात्यातला प्राणी, आहे, मुंगसाशी नातं नाही गोतं नाही, त्याचं नाव युलेमूर मोंगोझ.

उडदाचं शास्त्रीय नाव माहीत आहे? विग्ना मुंगो. इथे कुणी मुंगसाशी संबंध लावू नका, हा ‘मुंगो’ मुगावरून आला, संस्कृत मुद्ग, आपला मूग. पण नाव लागलं उडदाला, आणि मुगाचं नाव राहिलं विग्ना रेडिएटा. एकच स्पेलिंग, एकदा मूग एकदा मुंगूस. घुशीचंही असंच झालं, तेलुगूत घुशीला पंदिकोक्कु म्हणतात म्हणजे डुक्कर-उंदीर, त्याचं इंग्लिशमध्ये बँडिकूट झालं आणि मग तो शब्द बोटीत बसून ऑस्ट्रेलियात गेला आणि तिथल्या पोटाला पिशवी असलेल्या वेगळ्याच प्राण्याला लागला.

पण एका ‘मुंगोस’मध्ये खरंच मुंगूस आहे, ते म्हणजे ओफिओऱ्हायझा मुंगोस हे झाड, लिनियसनं, म्हणजे ही दोन शब्दांची नावं द्यायची पद्धत ज्यानं रुळवली त्या शास्त्रज्ञानं, १७५३ मध्ये नाव दिलेलं. ओफिओऱ्हायझा म्हणजे सापाचं मूळ. नागाशी लढताना चावा बसला की मुंगूस धावत जाऊन एक वनस्पती खातं आणि ताजंतवानं होऊन परत लढायला येतं, अशी समजूत सगळ्या भारतात होती, आपल्याकडे त्या वनस्पतीला मुंगूसवेल म्हणतात, आणि वेगवेगळ्या भागात वेगवेगळ्या झाडाला हे नाव दाखवतात. ही समजूत पोर्तुगीजांनी उचलली, तिकडून युरोपच्या औषधांच्या पुस्तकात गेली, आणि झाडाच्या नावात मुंगूस कायमचं बसलं.

मुंगूस अशी वेल खात नाही, आणि त्याला गरजही नाही. त्याचं संरक्षण त्याच्या स्वतःच्या अंगात आहे. आपल्या मेंदूकडून स्नायूला हुकूम जातो तो एका रसायनानं, आणि स्नायूवर त्या रसायनासाठी एक जागा असते, कुलपाचं भोक समजा. नागाच्या विषातला एक घटक त्या भोकात जाऊन अडकून बसतो, मग खरी किल्ली आत जाईना, हुकूम पोचेना, श्वासाचे स्नायू थांबतात आणि माणूस जातो. मुंगसाच्या शरीरात त्या भोकाची घडणच थोडी वेगळी आहे, विष तिथे नीट बसत नाही, पण खरी किल्ली बसते. हे १९९० च्या दशकात प्रयोगशाळेत दाखवलं गेलं. म्हणून त्याला काहीच होत नाही असं नाही हां, भरपूर विष गेलं तर मरतंही, त्याचं खरं शस्त्र म्हणजे चपळाई आणि ते अंगावरचे केस फुगवणं. पण कृपा करून एक ऐका, साप चावलेल्या माणसाला मुंगूसवेलीचं मूळ देत बसू नका, कुलूप माणसाचं आहे, मुंगसाचं नाही. सरळ दवाखान्यात न्या, अँटीव्हेनम, म्हणजे सापाच्या विषावरचं इंजेक्शन, तिथेच मिळतं.

शब्द पुस्तकातून गेला तसा प्राण्याबरोबरही गेला. १८७२ मध्ये जमैकात एका ऊसमळेवाल्यानं उंदरांचा बंदोबस्त म्हणून कलकत्त्याहून नऊ मुंगसं मागवली, चार नर पाच माद्या, छोट्या जातीची. तिथून ती बाकी बेटांवर गेली, १८८३ मध्ये जमैकाहून हवाईला नेली. आणि मुंगूस दिवसा हिंडतं आणि त्या उसातले उंदीर रात्री, त्यामुळे उंदीर राहिले बाजूला आणि जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांचा फडशा पडला. जपानमध्ये ओकिनावाला १९१० मध्ये सोडली, विषारी साप संपवायला, आणि १९७९ मध्ये अमामी बेटावर. तिथे सापांपेक्षा फक्त त्या भागातच सापडणारे काळे ससे संपायला लागले, मग अनेक वर्षं सापळे आणि कुत्रे लावून एकेक मुंगूस शोधलं आणि २०२४ मध्ये बेट मुंगूसमुक्त झाल्याचं जाहीर केलं. जपानी बातम्यांमध्ये त्याचं नाव मांगुउसु. ते ऐकताना मला फार विचित्र वाटलं, आपला घरचा शब्द, आणि इतक्या लांब तो गुन्हेगाराचं नाव म्हणून घेतला जातोय, ज्यात त्या प्राण्याचा दोष काहीच नाही, त्याला नेलं माणसानं.

आता केसांचं, कारण हा लेख लिहायला तेही एक कारण आहे. मुंगूस लांबून करडं दिसतं पण करडा असा एक रंग त्याच्या अंगावर नाहीच. मागे एकदा परसात कुत्र्यांनी मारलेलं मुंगूस मिळालं होतं, पुरायच्या आधी मी जवळून बघितलं. एकेका केसावर एकाआड एक पट्टे, काळपट, मग फिकट, मग परत काळपट, आणि हजारो केसांचे हे पट्टे एकत्र दिसतात तेव्हा मीठमिरी टाकल्यासारखा तो रंग होतो. केस ताठ, पण टोकाला एकदम बारीक. नेमकं यामुळेच चित्रकारांच्या ब्रशला ते हवे असतात, रंग धरतात आणि टोक सुटत नाही. यासाठी मुंगसं मारली जातात, आणि एका मुंगसापासून थोडेच केस निघतात म्हणून खूप मारली जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली मुंगूस संरक्षित आहे, त्याला पकडणं, मारणं, त्याच्या केसांचे ब्रश विकणं हा गुन्हा आहे, तरी छापे पडतात तेव्हा पोत्यानं केस आणि ब्रश सापडतात. मुलांना ड्रॉइंगसाठी ब्रश घेताना केस बघा, गडद-फिकट-गडद असे पट्टे दिसले तर घेऊ नका, आणि दुकानदाराला विचारा. नायलॉनचे आता चांगले मिळतात.

भाची जायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही मागच्या दारात बसलो होतो. शेवग्याच्या खालून एक मुंगूस निघालं, भिंतीच्या कडेनं, शेपूट जमिनीला समांतर ठेवून, आणि त्याच्या मागे अगदी शेपटीला नाक लावून दोन पिल्लं, लांबून वाटत होतं एकच लांबलचक जनावर चाललंय. भाची उठून उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, मुंगसं. मी म्हटलं बघ, अनेकवचन आलं की तुला. तेवढ्यात भिंतीपलीकडून काकूंनाही ती दिसली असावीत, कारण त्यांनी आत त्यांच्या सुनेला हाक मारली, मुंगुसिगळु, मुंगुसिगळु, लवकर ये. पिल्लांची आई भिंतीतल्या भोकाशी थांबली, वळून बघितलं, आणि तिघंही काकूंच्या बाजूला गेली.